चॉकलेट मोदकाच्या डब्यावर एक ओळ हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत चॉकलेट मोदकाची कृती आली होती. कृती चांगली होती, मापंही बरोबर होती. मी गेली अकरा वर्षं ठाण्यात, पाचपाखाडीला, घरी चॉकलेटं करून विकते. अशी कृती दिसली की कापायची आणि वहीत चिकटवायची ही माझी सवय. तीही चिकटवली. आता ते पान उघडलं की कृतीपेक्षा तिच्याखालच्या मोकळ्या जागेकडेच लक्ष जातं. तिथे एक ओळ हवी होती: चॉकलेट कुत्र्यांना घातक आहे. माझ्या स्वतःच्या डब्यांवरही ती नव्हती. ती ओळ नसल्यापायी काय झालं ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आमच्या समोरच्या घरात चिकू आहे. पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा, आपण ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो तसला कुत्रा. वजन नऊ किलो. आमचं दार उघडं दिसलं की तो थेट स्वयंपाकघरात येतो आणि ओट्याखाली पाय पसरून पडतो. चॉकलेट वितळायला ठेवलं की मान वर करून वास घेत बसतो. मी त्याला कधी तुकडा दिला नाही. पण ते त्याला घातक आहे हे माहीत होतं म्हणून दिला नाही, असं नाही. ऑर्डरचा माल मोजून केलेला असतो, त्यातलं कोणालाच देत नाही, म्हणून दिला नाही. अकरा वर्षं चॉकलेटात हात घालणाऱ्या बाईला ही गोष्ट माहीत नव्हती, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

दरवर्षी आरतीला एक डबा मी समोरच्यांकडे देते. गेल्या गणपतीतही दिला. एकवीस मोदक, प्रत्येक बारा ग्रॅमचा, अर्धं डार्क आणि अर्धं मिल्क कंपाउंड चॉकलेट, प्रत्येक मोदक सोनेरी कागदी वाटीत. डबा मखराशेजारच्या चौरंगावर ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी रात्री बी विंगमधला दीड दिवसाचा गणपती निघाला, तसे सगळे खाली गेले. मीही गेले होते. साडेनऊला दार ओढून घेतलं, सव्वादहाला परत आलो, तेव्हा डबा जमिनीवर उलटा पडलेला आणि चिकू जिभल्या चाटत बसलेला.

कोणीही घाबरलं नाही. आजी म्हणाल्या, "बाप्पाचा प्रसाद खाल्लाय, त्याला काय होतंय!" घरातल्या सात वर्षांच्या मुलाने तेव्हाच सांगून टाकलं की दुपारी आपणही त्याला एक भरवला होता. "प्रसाद सगळ्यांना द्यायचा असतो ना?" असं त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं.

अकराच्या सुमाराला चिकू घरभर येरझाऱ्या घालायला लागला. दोन वाडगी पाणी प्यायला, तिसरं मागितलं. जीभ बाहेर, धाप लागलेली, एका जागी बसेना. खाली रस्त्यावर ढोल-ताशा चालू होता. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: आवाजाने बिथरलाय. खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, त्याला पलंगाखाली त्याच्या गोधडीवर बसवलं. दरवर्षी असंच होतं, दिवाळीत फटाक्यांनीही असंच होतं, म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

संपादक महाराज, मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. आपल्याकडे घराघरांत चॉकलेट येतं ते गणपतीत, दिवाळीत, नाताळात आणि एकतीस डिसेंबरला. ढोल, फटाके, स्पीकरही नेमके त्याच दिवसांत. चॉकलेटच्या विषबाधेची पहिली लक्षणं म्हणजे अस्वस्थपणा, धाप, थरथर, तहान. आवाजाला घाबरलेला कुत्रा जवळपास तसाच दिसतो. ज्या दिवसांत धोका सर्वांत जास्त, त्याच दिवसांत तो ओळखू येत नाही. आम्ही दीड तास वाया घालवला तो खिडक्या बंद करण्यात.

साडेबाराला समोरच्या सूनबाईंनी आमची बेल वाजवली. "काकू, चिकूला जरा बघता का?" त्याने उलटी केली होती. तपकिरी, चॉकलेटचा गोड वास येणारी, आणि तिच्यात माझ्या सोनेरी वाट्यांचे चोळामोळा झालेले तुकडे. मी त्याला मांडीवर घेतलं. मागचे पाय शिवणयंत्रावर कापड ठेवावं तसे थरथरत होते. छातीवर हात ठेवला तर ठोके वेगवेगळे लागेचनात, नुसती एक फडफड.

मग सल्ले सुरू झाले. मिठाचं पाणी पाजा, उलटीतून पडून जाईल. ताक द्या. तूप द्या, विषावर तूप उतारा असतो. तुपाचा सल्ला माझाच होता. आमच्याकडे लहानपणी असंच करायचे. मी तूप पातळ करायला गॅसवर कढलं चढवलंही होतं. तेवढ्यात घोडबंदर रोडवरच्या एका दवाखान्यात फोन लागला, आणि पलीकडून पहिलं वाक्य आलं, "काहीही पाजू नका, तसाच घेऊन या." त्याआधी दोन ठिकाणी फोन नुसता वाजत राहिला होता. माझं माहेर परळचं, त्यामुळे माझ्या डोक्यात आधी बैलघोड्याचं हॉस्पिटलच आलं होतं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं ते हॉस्पिटल आमच्याकडे सगळे याच नावाने ओळखतात. पण गणपतीत रात्री लालबाग-परळला गाडी घालायची म्हणजे पहाट झाली असती. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालंय हे मला त्या रात्री आठवलंसुद्धा नाही.

पहिल्या रिक्षावाल्याने कुत्रा बघून नाही म्हटलं. दुसऱ्याने, कपाळाला अष्टगंध लावलेला पोरसवदा मुलगा होता, मागची सीट पुसायचं फडकं स्वतःच पुढे केलं आणि म्हणाला, "घ्या गुंडाळून, थंडी वाजतेय त्याला." थंडी नव्हती वाजत.

दवाखान्यात डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी टेबलावर घेता घेताच विचारायला सुरुवात केली. वजन किती? किती वाजता खाल्लं? डार्क की मिल्क? किती ग्रॅम? समोरच्या घरातल्या कोणालाच शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं येईनात. यायची कशी? डब्यावर छापलं होतं ते माझं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, हिरवा ठिपका, आणि ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. उत्तरं मला माहीत होती, कारण माल माझा. निघताना मी तो डबा पिशवीत घातला होता. एकवीसातले सहा शिल्लक. घरातल्यांनी चार खाल्ले होते. म्हणजे अकरा मोदक, एकशे बत्तीस ग्रॅम, निम्मं डार्क.

मॅडमनी कागदावर आकडे मांडले, ते मी आता पाठ केलेत. चॉकलेटात थिओब्रोमाइन नावाचं द्रव्य असतं, कॅफिनचंच भावंड. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण दोन मिलिग्रॅम, डार्कमध्ये पाचच्या आसपास, कडक डार्कमध्ये त्याहून जास्त. त्या हिशेबाने चिकूच्या पोटात चारशे साठ मिलिग्रॅम गेलं होतं. भागिले नऊ किलो, म्हणजे किलोमागे पन्नास. किलोमागे वीसच्या पुढे उलट्या-जुलाब सुरू होतात. चाळीस-पन्नासला हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. साठला झटके येऊ शकतात. शंभराच्या पुढे जीव जाण्याची भीती. "उलटीत काही पडून गेलंय, ते त्याचं नशीब," असं म्हणत त्यांनी स्टेथोस्कोप लावला. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके होते.

माणसाला हेच चॉकलेट का बाधत नाही, हे मी नंतर त्यांना विचारलं. आपलं यकृत थिओब्रोमाइन भराभर मोडतं, सहा ते दहा तासांत रक्तातलं निम्मं संपतं. कुत्र्याला तेवढ्यालाच सतरा-अठरा तास लागतात. त्याच्या अंगात ते साचून राहतं, हृदयाला आणि मेंदूला सतत चाबूक मारत राहतं. त्यातही आतड्यातून रक्तात गेलेलं पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं, आणि लघवीत आलेलं मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं. म्हणून त्या रात्री सलाईन चालू असतानाही दर थोड्या वेळाने त्याला लघवीला न्यायचं होतं. सूनबाई सलाईनची बाटली हातात उंच धरून आणि मी चिकूला धरून, दवाखान्याच्या मागच्या बोळात पहाटेपर्यंत किती वेळा गेलो ते मोजलं नाही.

थिओब्रोमाइनवर उतारा नाही. हे वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या हातापायांतलं बळच गेलं. सापाच्या विषावर लस आहे, यावर नाही. जे करायचं ते बाहेरून सांभाळून घ्यायचं: सलाईन, ठोके आवरायला औषध, थरथर थांबवायला गुंगीचं इंजेक्शन, आणि पोटातलं शोषून घ्यायला औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून. ती पूड पुन्हा पुन्हा द्यावी लागते. चिकूचा तो पांढरा चेहरा, मिश्या, छातीवरची लव, सगळं काळंकुट्ट झालं होतं. तो गुंगीत होता, पण माझा हात जवळ आला की नाक हलवायचा. माझ्या हाताला चॉकलेटचा वास येत होता. दुपारी दीडशे मोदकांचे साचे भरले होते मी. बेसिनवर जाऊन साबणाने तीनदा हात धुतले.

लवकर आणला असता तर, म्हणजे पहिल्या दोनेक तासांत, इंजेक्शन देऊन नीट उलटी करवता आली असती, असं मॅडम म्हणाल्या. रागावून नाही, सांगितलं फक्त. मात्र मिठाच्या पाण्याचं नाव काढताच त्या खरोखर चिडल्या. मिठाने उलटी होईलच असं नाही, आणि झाली नाही तर रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच झटके येतात. तुपाचंही तेच. चॉकलेटात मुळात स्निग्धांश भरपूर, वर तूप गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो, तोही दोन-तीन दिवसांनी, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात. माझं कढलं गॅसवर होतं हे मी त्यांना तेव्हा सांगू शकले नाही. आता छापून येऊ दे.

चिकू वाचला. पहाटे पाचला ठोके एकशे साठवर आले. तीन दिवस रोज न्यावं लागलं, कारण हा परिणाम बहात्तर तासांपर्यंतही टिकतो. पाचव्या दिवशी समोरच्यांचा गणपती पालिकेच्या कृत्रिम तलावात विसर्जित झाला, तेव्हा तो दारात उभा राहून नेहमीसारखा भुंकला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगते, कारण ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं आणि याच ठिकाणी गफलत होते.

घरी चॉकलेट करणाऱ्या आम्ही बहुतेक जणी कंपाउंडची स्लॅब वापरतो. ‘कंपाउंड म्हणजे काही खरं चॉकलेट नव्हे, त्याने कुत्र्याला काय होणार’ असं मला दोन मैत्रिणींनी नंतर सुनावलं. दोघीही याच धंद्यात. हे साफ चूक आहे. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं, एवढाच फरक. थिओब्रोमाइन असतं कोकोच्या पावडरीत, बटरमध्ये ते नसल्यातच जमा. पावडर तर कंपाउंडमध्येही असतेच. उलट व्हाइट चॉकलेटमध्ये पावडर नसते, म्हणून त्यात थिओब्रोमाइन नगण्य, जरी साखर आणि स्निग्धांश कुत्र्याच्या पोटाला वाईटच. सर्वांत जपायचं ते नुसत्या कोको पावडरीला. तिच्या एका ग्रॅममध्ये वीस मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त थिओब्रोमाइन असतं. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याने पाच ग्रॅम पावडर चाटली तरी तो वीसच्या रेषेवर पोचला. केक करताना ओट्यावर सांडलेली पावडर आपण फडक्याने खाली झटकतो. मीही झटकायचे.

कोणी म्हणेल, आमच्या कुत्र्याने कितीदा चॉकलेट खाल्लंय, काही झालं नाही. मला हे खोटं वाटत नाही. तीस किलोच्या लॅब्रेडॉरने दहा ग्रॅमचा मिल्क चॉकलेटचा तुकडा खाल्ला तर किलोमागे एक मिलिग्रॅमसुद्धा होत नाही, त्याला काही होणारच नाही. मग घरात ठाम समज बसतो की चॉकलेटचं नुसतं अवडंबर माजवलंय. तोच माणूस दिवाळीत बहिणीकडे जातो, तिच्याकडे चार किलोचं पिल्लू असतं, आणि यावेळी डब्यात डार्क असतं. मला बागुलबुवा उभा करायचा नाही. पण कुठलं चॉकलेट, किती, आणि कुत्र्याचं वजन किती, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे, आणि पहिल्या दोन गोष्टी डब्यावर लिहिणं करणाऱ्याच्या हातात आहे.

कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये कोकोच्या झाडाला थिओब्रोमा असं नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचं अन्न. त्यावरूनच या द्रव्याचं नाव पडलं. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मला त्या मुलाचा प्रश्न आठवला. तो देवाचं अन्नच वाटत होता. त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, आणि ते मोठ्या माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहू की नको, यावर मी पंधरा दिवस घालवलेत. म्हणूनच नाव न छापण्याची विनंती केली आहे, कारण यात दुसऱ्याचंही नाव निघेल.

आमच्या आवारात राणी नावाची भटकी कुत्री होती. लहानखुरी, तांबूस, एक कान दुमडलेला. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर एका मुलाचा वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे राणी पार्किंगमध्ये आडवी पडलेली वॉचमनला दिसली, झटके येत होते, तोंडाला फेस. सात वाजेपर्यंत गेली. आठ वाजता सगळ्या सोसायटीत बातमी: कोणीतरी विष घातलं. आणि कोणीतरी म्हणजे कोण, हेही ठरून गेलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याच्या विरोधात होते, सभेत तसं बोलले होते, पत्रही दिलं होतं. झालं. त्यांच्याशी लोक बोलेनासे झाले. लिफ्टमध्ये ते शिरले की दोघीतिघी बाहेर यायच्या. त्यात मी होते.

चिकूच्या त्या रात्रीनंतर मला वाढदिवसाचा तो केक आठवला. केक मीच केला होता. दीड किलोचा, डार्क ट्रफल, वरून कोको पावडर चाळलेली. उरलेला अर्धा किलोच्या आसपासचा केक खोक्यासकट मीच वॉचमनच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही खा, राहिला तर राणीला घाला.

राणी कशाने गेली हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं नाही, तपासणी केली नाही. पण ‘विष’ हा शब्द आमच्या तोंडात इतका तयार होता की काल रात्री तिने काय खाल्लं, हे विचारण्याचं कोणाला सुचलंच नाही. भटक्या कुत्र्यांवरून ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यासोसायट्यांत भांडणं आहेत, एकमेकांवर पोलिसांत तक्रारी होतात. कुत्र्यांना मुद्दाम विष घालण्याचे प्रकार घडत नाहीत असं मी म्हणत नाही. पण माणसाला गुन्हेगार ठरवण्याआधी निदान केकचं खोकं तरी उघडून बघायला हवं होतं.

अनंत चतुर्दशीनंतर मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन स्वतः चहा करून आणला. मग म्हणाले, "मी त्या दिवशी पुण्याला मुलीकडे होतो. दोन दिवसांनी परत आलो. मला एकानेही विचारलं नाही हो." बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता कामाचं. मी माझ्या डब्यांवर दोन गोष्टी छापायला सुरुवात केली आहे. एक, आत डार्क किती, मिल्क किती, आणि एका नगाचं वजन किती. दोन, ‘कुत्र्या-मांजरांना देऊ नये. खाल्ल्यास लगेच पशुवैद्यांना फोन करावा.’ शंभर स्टिकरना मला दीडशे रुपये पडले, म्हणजे डब्यामागे दीड रुपया. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, ‘विषारी’ असं लिहिल्यासारखं नाही का वाटत? तर नाही वाटत. बाकी सगळ्यांनी स्टिकर वाचला आणि बहुतेकांनी म्हटलं, अगं बाई, हे आम्हाला माहीतच नव्हतं. ठाणे, डोंबिवली, ऐरोली, नेरूळ, जिथे जिथे माझ्यासारख्या बायका घरी बसून चॉकलेटं करतात, त्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हे करा. आपला माल कोणाच्या घरी जातो आणि त्या घरात ओट्याखाली कोण बसलेलं असतं, आपल्याला माहीत नसतं. शुगर-फ्री करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. साखरेऐवजी झायलिटॉल वापरलं असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातसुद्धा धाडकन खाली येते आणि पुढे यकृतावर जातं. मनुका घातलेल्या चॉकलेटात धोका दुहेरी, मनुकांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून प्रसादाचा शिराही मनुका असतील तर त्यांना घालू नये.

दुसरी विनंती सोसायट्यांना. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवून द्यायची असते, आणि आमच्यासारख्या अनेक सोसायट्यांनी तिथे पाटी लावली आहे. पाटीवर वेळ असते, स्वच्छतेच्या सूचना असतात. काय घालू नये हे नसतं. लोक प्रेमानेच घालतात हो. तलावपाळीला, उपवनला रात्री वाढदिवसाचे केक कापले जातात, उरलेला पुठ्ठ्यासकट तिथल्या कुत्र्यांपुढे ठेवतात आणि पुण्य केल्याच्या समाधानाने घरी जातात. मुलं चॉकलेट क्रीमची बिस्किटं पुढे करतात. त्या कुत्र्यांच्या मागे रात्री साडेबाराला बेल वाजवायला कोणी नसतं. आमच्या पाटीवर आता रंगाने एक ओळ वाढवली आहे. ती दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच गृहस्थांनी लिहिली. त्यांचं अक्षर सुंदर आहे.

आणि तिसरी विनंती आपल्याला. दिवाळीच्या पुरवण्यांची तयारी आपल्याकडे आताच सुरू असेल. चॉकलेट बर्फी, चॉकलेट करंजी, ब्राउनी, काय काय छापून येईल. आपला पेपर माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा कितीतरी जास्त घरांत जातो. कोको किंवा चॉकलेट ज्या ज्या कृतीत आहे तिच्याखाली, ‘टीप’ म्हणून, ठळक अक्षरांत ही ओळ छापा: ‘कोको व चॉकलेट कुत्र्यांना घातक आहे, खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता, लगेच पशुवैद्यांकडे न्या.’

पत्र लांबलंय, मला कळतंय. जागा नसेल तर वरचं सगळं कापा, ही ओळ तेवढी ठेवा.

आपली,
एक वाचक
पाचपाखाडी, ठाणे (प.)
(नाव व पत्ता पाकिटात वेगळा दिला आहे. कृपया छापू नये.)